खाली गाळे, वर बिऱ्हाडे: शहराच्या हद्दीवर घर घेताना

बदलीने, व्यवसायानिमित्त किंवा निवृत्तीनंतर रत्नागिरीत राहायला येणारा माणूस घर शोधू लागला की पहिला प्रश्न विचारतो, "मारुती मंदिरापासून किती लांब?" प्रश्न वावगा नाही, परंतु त्याच्या आधी विचारावयाचा प्रश्न वेगळाच आहे, आणि तो म्हणजे ही इमारत नेमकी कोणाच्या हद्दीत येते. 2011 च्या जनगणनेनुसार नगरपरिषद हद्दीतील लोकसंख्या सुमारे 76 हजार होती. 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, स्थानक शहराबाहेर कुवारबावच्या बाजूला आले, आणि नाचणे, कुवारबाव, मिरजोळे, शिरगाव, खेडशी या गावांच्या वेशीवर वस्ती वाढत गेली. या वाढीचा ठरलेला साचा म्हणजे रस्त्याला तोंड करून उभी राहिलेली इमारत: तळमजल्यावर गाळे, पहिल्या मजल्यावर दवाखाना, शिकवणी किंवा पतसंस्था, आणि त्यावर बिऱ्हाडे. अशा इमारतीत सदनिका किंवा गाळा प्रथमच घेणाऱ्यांसाठी हा लेख असून उदाहरणे रत्नागिरीची असली तरी चिपळूण, कुडाळ, कणकवली येथेही यातील बहुतेक गोष्टी तशाच लागू पडतात.

पहिली पायरी: हद्द निश्चित करा

माहितीपत्रकात "रत्नागिरी शहरात" किंवा "शहरालगत" असे लिहिलेले असते, त्यावरून काहीही ठरत नाही. विकसकाकडून गावाचे नाव आणि सर्व्हे किंवा गट क्रमांक मागून घ्यावा आणि त्यावरून जमीन नगरपरिषदेच्या, ग्रामपंचायतीच्या की औद्योगिक विकास महामंडळाच्या हद्दीत आहे हे पाहावे. नगरपरिषद हद्दीत बांधकाम परवानगी नगरपरिषद देते. ग्रामपंचायत हद्दीत गावठाणाबाहेरच्या अशा मोठ्या इमारतींच्या परवानगीचा विषय नगररचना विभागाच्या अभिप्रायासह जिल्हाधिकारी कार्यालयाकडे असतो. महामंडळाच्या हद्दीत महामंडळ स्वतःच नियोजन प्राधिकरण असून तेथील भूखंड साधारणपणे 95 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेले असतात, त्यामुळे हस्तांतरणाला महामंडळाची संमती लागते. डिसेंबर 2020 पासून राज्याच्या बहुतेक भागांना एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाल्यामुळे चटईक्षेत्र निर्देशांक (भूखंडावर किती बांधकाम करता येईल याचे प्रमाण), सामासिक अंतरे (इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा), वाहनतळ यांचे नियम बऱ्याच अंशी एकाच पुस्तकात आले आहेत; मात्र परवानगी देणारे टेबल, कर घेणारे टेबल आणि कचरा उचलणारी गाडी ही हद्दीप्रमाणेच बदलते.

येथे नवख्या माणसाची एक फसगत हमखास होते. ग्रामपंचायत हद्दीतील घराच्या कागदपत्रांत त्याला नमुना 8 चा उतारा, म्हणजे बोलीभाषेत घरपत्रक किंवा असेसमेंटचा उतारा, मोठ्या विश्वासाने दाखवला जातो. हा उतारा घरपट्टी आकारण्यासाठी ठेवलेल्या नोंदवहीचा आहे. त्यावर नाव असल्याने मालकी सिद्ध होत नाही आणि बांधकाम परवानगी घेऊन झाले आहे असेही त्यातून कळत नाही. विनापरवाना बांधकामावरसुद्धा कर आकारला जातो, हे लक्षात ठेवल्यास पुढचे बरेच प्रश्न आपोआप सुचतात.

"लवकरच हद्दवाढ होणार, मग दर दुप्पट" हे वाक्य लहान शहरांच्या वेशीवर वर्षानुवर्षे ऐकू येते. माझ्या मते हद्दवाढीचा भरवसा धरून घर घेऊ नये. आज नळाला जे पाणी येते आणि आज दारासमोर जो रस्ता आहे, त्यांच्यावरच हिशेब मांडावा.

दुसरी पायरी: सातबारा शेवटच्या रकान्यापर्यंत वाचा

सातबारा उतारा आता संगणकीकृत असून डिजिटल स्वाक्षरीसह घरबसल्या मिळतो, आणि शहरी भागात नगर भूमापन झाले असल्यास त्याऐवजी मिळकत पत्रिका पाहावी लागते. उताऱ्यावर विकसकाचे नाव शोधून समाधान मानण्याची चूक करू नये. बहुतेक वेळा त्याचे नाव तेथे नसतेच. जमीन मूळ खातेदारांची असते आणि विकसकाकडे विकसन करारनामा व कुलमुखत्यारपत्र असते. त्यात वावगे काही नाही, पण मग करारनाम्यावर सर्व खातेदारांच्या सह्या आहेत काय, हे एकेक नाव जुळवून पाहणे आले.

कोकणात घोडे अडते ते येथे. वीस-पंचवीस गुंठ्यांच्या तुकड्यावर पंधरा-वीस नावे असणे ही आपल्याकडची नित्याची गोष्ट आहे: आजोबांच्या भावांचे वारस, लग्न होऊन गेलेल्या आत्या, आणि गणपतीला येणारे मुंबईकर हिस्सेदार. सामाईक खात्यातील एका हिस्सेदाराला आपला अविभक्त हिस्सा विकता येतो. वाटप झाल्याशिवाय "रस्त्यालगतचे हे दहा गुंठे माझे" असे म्हणून ठरावीक तुकडा विकता येत नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलग्यांइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. तेव्हा वारस नोंदीच्या फेरफारात, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदीत, बहिणींची नावे गाळलेली दिसली तर तेथेच थांबावे आणि वकिलाला विचारावे. जुने फेरफार वाचणे कंटाळवाणे असते, त्यातील मोडी वळणाचे अक्षर आणि तुटक वाक्ये लागत नाहीत. तरीही उताऱ्यावर लिहिलेला प्रत्येक फेरफार क्रमांक काढून घ्यावा, कारण कुटुंबातल्या भांडणाचा माग तेथेच लागतो.

त्यानंतर भूधारणा पद्धती आणि "इतर हक्क" हे रकाने. भोगवटादार वर्ग 1 आहे की हस्तांतरणावर बंधन असलेला वर्ग 2, कुळकायदा कलम 43 च्या बंधनाची (कुळाला मिळालेली जमीन परवानगीशिवाय न विकण्याच्या अटीची) नोंद आहे काय, देवस्थान इनामाचा उल्लेख आहे काय, बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा आहे काय, आणि शेजाऱ्याच्या वाटेचा किंवा विहिरीच्या पाण्याचा हक्क नोंदवलेला आहे काय, हे सर्व तेथे दिसते. वर्ग 2 च्या जमिनीवर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय झालेला व्यवहार अडचणीत येतो आणि बँकाही अशा इमारतीला कर्ज देण्यास कचरतात. बिनशेती आकारणीचा आदेश किंवा सनद पाहताना बिनशेती कोणत्या प्रयोजनासाठी झाली आहे, निवासी, वाणिज्य की दोन्ही, हेही वाचावे. गाळे असलेल्या इमारतीत ही बाब विशेष महत्त्वाची असते.

सदनिकेऐवजी इमारतीच्या मागचा "स्वस्त प्लॉट" घेण्याचा मोह झाल्यास दोन कायदे ध्यानात असावेत. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या व्यक्तीला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि 1947 च्या तुकडेबंदी कायद्यामुळे प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकड्यांच्या व्यवहारावर निर्बंध आहेत. तुकडेबंदीच्या नियमांत अलीकडे वारंवार बदल झाले असल्यामुळे चालू स्थिती दुय्यम निबंधक कार्यालयात विचारूनच पुढे जावे.

जमिनीच्या मोजणीचा नकाशाही मागावा. गडगा (दगडी कुंपण) आहे म्हणजे हद्द आहे, ही समजूत गावात चालते, पण चिऱ्याचा गडगा दोन पिढ्यांत पाच-सहा फूट सरकलेला असू शकतो, आणि इमारतीचे मागचे सामासिक अंतर नेमके तेवढेच असते.

नकाशावरच्या रेषा

किनारपट्टीवर हद्द म्हणजे केवळ गावाची शीव नसते. समुद्रकिनारी भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंतचा पट्टा किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेखाली येतो. खाडीकाठी 2019 च्या अधिसूचनेनुसार हे अंतर 50 मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतके, यांपैकी जे कमी असेल ते धरले जाते. भाट्ये किंवा साखरतर खाडीच्या बाजूची इमारत "समुद्र दिसतो" म्हणून महाग असते. पण समुद्र दिसतो त्या अर्थी ही रेषाही जवळपासच असणार, आणि ती मंजूर नकाशावर दाखवलेली असावयास हवी. चिपळूणसारख्या नदीकाठच्या शहरात पूररेषा पाहाव्या. निळी रेषा साधारणतः 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानली जाते, आणि निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकाम निषिद्ध असते. 26 जुलै 2005 आणि 22 जुलै 2021 या दोन तारखांना आपल्या इमारतीच्या जागी पाणी कुठवर होते, हे शेजारच्या जुन्या दुकानदाराला विचारावे. तो बहुधा भिंतीवर हात ठेवूनच दाखवील.

महामार्गालगतच्या इमारतींना इमारत रेषा व नियंत्रण रेषा, म्हणजे रस्त्यापासूनच्या बांधकामावर बंधन घालणाऱ्या रेषा, लागू असतात. मिऱ्या-नागपूर महामार्गासारख्या रुंदीकरणात दर्शनी गाळ्यांचे अंगण जाणे, किंवा नवा काँक्रीट रस्ता गाळ्याच्या उंबऱ्यापेक्षा उंच होणे, हे संभवते. रस्ता एक हाताने चढला की पावसाचे पाणी शटरखालून आत येते आणि मग दर जूनमध्ये उंबऱ्याला वीट-सिमेंटचा बांध घालावा लागतो. रत्नागिरीत विमानतळाच्या परिसरात इमारतीच्या उंचीवरही मर्यादा येते. सहाव्या-सातव्या मजल्यावरची सदनिका दाखवली गेल्यास उंचीची ना हरकत मागावी.

तिसरी पायरी: मंजूर नकाशा हातात घेऊन जागेवर जा

भूखंड 500 चौरस मीटरहून मोठा आणि सदनिका व गाळे मिळून आठाहून अधिक असल्यास प्रकल्पाची महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, नोंदणी आवश्यक आहे. 1 मे 2017 पासून ही व्यवस्था सुरू असून नोंदणी क्रमांक टाकला की मंजूर नकाशे, जमिनीवरचे बोजे, चालू दावे आणि काम पूर्ण करण्याची तारीख संकेतस्थळावर दिसते. लहान शहरांत बऱ्याच इमारती या मर्यादेच्या आतल्या असतात, कित्येकदा मुद्दामच आठ गाळे-सदनिकांवर थांबवलेल्या असतात. त्या बेकायदा नव्हेत. परंतु तेथे महारेराचे संरक्षण मिळत नसल्यामुळे 1963 च्या महाराष्ट्र मालकी हक्क सदनिका कायद्यावर आणि स्वतःच्या वकिलावर भिस्त ठेवावी लागते.

नकाशा वाचता येत नाही म्हणून तो न पाहणारे बरेच असतात. प्रत्यक्षात दोनच गोष्टी जुळवायच्या असतात. पहिली, तळमजला. नकाशावर "वाहनतळ" असे लिहिलेल्या जागेत शटर, गोदाम किंवा पीठगिरणी दिसत आहे काय? दुसरी, गाळ्याच्या आतला पोटमाळा. पोटमाळा नकाशात नसेल तर त्याचे पैसे देऊनही तो आपल्या मालकीचा होत नाही, आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरण्यास परवानगी देणारा दाखला) अडले तर त्याच्यापायी वरच्या सर्व बिऱ्हाडांचे अडते. जोते (प्लिंथ) तपासणीचा दाखला, बांधकाम पूर्णत्वाचा दाखला आणि भोगवटा प्रमाणपत्र हे तीन कागद क्रमाने मागावेत. "भोगवटा येत्या महिन्यात मिळेल" या उत्तरावर ताबा घेऊ नये.

उघड्या जागेतील वाहनतळ विकसकाला विकता येत नाही, आणि 1963 च्या कायद्याखालील इमारतींत खांबांमधले वाहनतळही सदनिकेपासून वेगळे विकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये स्पष्ट केले आहे. मिश्र वापराच्या इमारतीत दर्शनी सामासिक अंतरात गाळ्यांच्या गिऱ्हाइकांच्या दुचाकी लागतात, त्यामुळे रहिवाशांच्या गाड्या कोठे जाणार हे नकाशावर बोट ठेवून विचारावे.

चौथी पायरी: पाणी मे महिन्यात पाहा, निचरा जुलैत

रत्नागिरीत वर्षाला 3,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तरीही मे महिन्यात टँकर फिरतो. नवख्याला हे कोडे वाटते. कारण पायाखाली जांभा आहे. हा दगड सच्छिद्र असून पावसाचे पाणी त्यातून झिरपून व्हाळाला, पऱ्याला लागते आणि समुद्राला मिळते. सड्यावरच्या विहिरी मार्चनंतर झपाट्याने खाली जातात. शीळ धरणाचे पाणी नगरपरिषदेच्या नळाला येते. हद्दीबाहेरची इमारत ग्रामपंचायतीच्या योजनेवर, स्वतःच्या विहिरीवर किंवा बोअरवर अवलंबून असते. म्हणून "चोवीस तास पाणी" या शब्दांवर न थांबता गेल्या मे महिन्यात किती टँकर मागवले आणि त्याचे पैसे गाळेधारकांनी व रहिवाशांनी कोणत्या प्रमाणात वाटून घेतले, असा नेमका प्रश्न शेजारच्या पूर्ण झालेल्या इमारतीत जाऊन विचारावा.

सांडपाण्याची बाजू याहून दुर्लक्षित असते. भूमिगत गटार नसल्याने बहुतेक इमारतींची व्यवस्था सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा अशी असते. ज्या जांभ्यातून पाऊस झिरपतो त्यातून हे पाणीही झिरपते आणि उताराच्या बाजूला विहीर असेल तर तिच्यात उतरते. टाकी आणि विहीर यांतील अंतर, उताराची दिशा आणि टाकी उपसण्यासाठी गाडी आत येण्याजोगी वाट या तीन गोष्टी जागेवर उभे राहून पाहाव्यात. शक्य असल्यास घर दोनदा पाहावे, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा जुलैत झड लागलेली असताना. पश्चिमेकडची भिंत आतून ओली आहे काय आणि जिन्याच्या कठड्याखाली शेवाळ कुठवर चढले आहे, हे जुलैत कोणालाही दिसते. दिवाळीत रंग दिल्यावर दिसत नाही.

पाचवी पायरी: गाळा आणि बिऱ्हाड यांच्यातली हद्द

माझे स्वतःचे बिऱ्हाड काही वर्षे एका खानावळीच्या वर होते. खानावळ चांगली चालली होती, जेवण उत्तम होते, मालकाशी आमचे संबंधही गोडीचे होते. पण तळणीचे तेलकट पाणी आणि आमच्या मोरीचे पाणी एकाच नळीतून टाकीत जात असे, आणि पहिल्या पावसाळ्यातच ती नळी तुंबून मोरीतून उलटे पाणी आले. तेलकट पाण्यासाठी वेगळा सापळा आणि वेगळी नळी बसवायला नंतर दोन वर्षे आणि सहा सभा लागल्या, कारण खर्च कोणाचा यावर एकमत होईना. हेच काम बांधकामाच्या वेळी झाले असते तर कोणाला कळलेही नसते.

म्हणून मिश्र वापराच्या इमारतीत गाळ्यांमध्ये काय चालणार हे आधी विचारावे. किराणा, औषधे, कापड, झेरॉक्स यांचा वरच्या मजल्यांना फारसा त्रास होत नाही. खानावळ, मासळी, कोंबडी, वेल्डिंग, गाड्यांची दुरुस्ती यांचा होतो, आणि त्यातून धूर, वास, आवाज व पाणी असे चार वेगवेगळे प्रश्न उभे राहतात. खानावळ असेल तर धुराडे गच्चीच्या वर नेलेले आहे काय, 19 किलोची व्यापारी सिलिंडरे जिन्याखाली तर ठेवली जात नाहीत ना, आणि बिऱ्हाडांचा जिना गाळ्यांपासून स्वतंत्र आहे काय, हे पाहावे. करारनाम्यात गाळ्याच्या वापराविषयी अट नसल्यास ती घालून घेण्याचा आग्रह धरावा. नंतर सभेत ठराव करून चालता धंदा थांबवणे फार कठीण जाते.

पैशाची वाटणी हा दुसरा मुद्दा. गृहनिर्माण संस्थेच्या आदर्श उपविधींप्रमाणे सेवाशुल्क सर्व सभासदांना सारखे असते, पाणीपट्टी नळांच्या संख्येनुसार बसते, दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान 0.75 टक्के व सिंकिंग फंड किमान 0.25 टक्के असतो, आणि उद्वाहनाचा खर्च इमारतीतील सर्व सभासदांवर, ते वापरोत वा न वापरोत, समान पडतो. "माझा गाळा तळाला, मी लिफ्टचे पैसे का देऊ?" हा वाद प्रत्येक अशा संस्थेत एकदा तरी होतोच, आणि त्याचे उत्तर उपविधींत आहे. गाळ्यात साठवलेल्या मालामुळे इमारतीच्या विम्याचा हप्ता वाढल्यास वाढीव रक्कम त्या गाळेधारकाने सोसायची असते. सदनिका भाड्याने दिल्यास बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून अधिक घेता येत नाही, हे परगावी राहून येथे गुंतवणूक करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

गाळेधारकांची बाजूही सांगितली पाहिजे. सदनिकाधारक संख्येने जास्त असतात, त्यामुळे समितीत गाळ्यांचा आवाज दबतो. फलकाची जागा, शटर उघडण्याची वेळ, पाण्याची टाकी यांवर त्यांच्याविरुद्ध ठराव होतात. गाळा घेणाऱ्याने फलकाची जागा आणि नळजोडणी यांचा उल्लेख करारनाम्यातच करून घ्यावा, आणि वीजमीटर प्रथमपासून स्वतंत्र व व्यापारी वर्गवारीचा घ्यावा.

सहावी पायरी: करारनामा आणि पैसे

नोंदणीकृत प्रकल्पात करारनामा नोंदवण्यापूर्वी किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास विकसकाला मनाई आहे. दर चटईक्षेत्रावरच (कार्पेट एरियावर) मोजावा. त्यात आतल्या भिंती येतात, बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची येत नाही. बांधकाम चालू असताना सदनिकेवर वस्तू व सेवा कर 5 टक्के, परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसणाऱ्या सदनिकेवर 1 टक्का, आणि पूर्णत्वाच्या दाखल्यानंतरच्या विक्रीवर शून्य असतो. गाळ्यासाठी येथे एक मेख आहे: संपूर्ण प्रकल्पात व्यापारी चटईक्षेत्र 15 टक्क्यांच्या आत असेल तर गाळ्यावरही 5 टक्के, त्याहून अधिक असेल तर 12 टक्के. शेजारशेजारच्या दोन इमारतींत सारख्याच गाळ्याला वेगळा कर का, याचे उत्तर बहुधा हेच असते. नोंदणी शुल्क 1 टक्का, परंतु 30,000 रुपयांहून अधिक नाही. निवासी सदनिका केवळ स्त्रीच्या नावे असल्यास मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते. किंमत 50 लाख रुपये किंवा अधिक असल्यास 1 टक्का आयकर कापून भरण्याची जबाबदारी खरेदीदारावर असते. करारनाम्यावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत नोंदणी करावी.

ताबा मिळाल्यानंतर पाच वर्षांच्या आत बांधकामात दोष आढळल्यास, नोंदणीकृत प्रकल्पात तो विनामूल्य दुरुस्त करून देणे विकसकावर बंधनकारक आहे. कोकणात गच्चीची गळती पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यातच उघडी पडते. तेव्हा तोंडी तक्रारीवर न थांबता तारखेसह छायाचित्रे जोडून लेखी पत्र द्यावे आणि पोच घ्यावी.

त्यानंतर संस्थेची नोंदणी आणि अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन व इमारत संस्थेच्या नावे करणे. विकसक टाळाटाळ करीत असल्यास मानीव अभिहस्तांतरणासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. या अर्जाला लागणारी कागदपत्रे, म्हणजे मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, सातबारा आणि सर्व करारनाम्यांच्या सूची क्रमांक दोनच्या प्रती, खरेदीच्या वेळीच एका फाईलमध्ये लावून ठेवाव्यात. अभिहस्तांतरणाचा दस्त नोंदवला की तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) फेरफारासाठी अर्ज करावा, आणि फेरफार मंजूर झाल्यावर नवा उतारा काढून जुन्या खातेदारांची सर्व नावे कमी होऊन भोगवटादाराच्या रकान्यात संस्थेचे नाव लागले आहे, हे डोळ्यांनी पाहावे.